दोन श्रेयांकांचा विषय

वेळापत्रकात माझा तास शेवटच्या रकान्यात,
दुपारी अडीच, खोली मिळेल ती.
आज भूगोलाची मिळाली. भिंतीवर जगाचा नकाशा,
घणसोली त्यात नाही.

विषयाचं नाव तीनदा बदललं.
आधी नुसता निबंध,
मग व्यावहारिक मराठी,
आता लेखनकौशल्य.
मानकामे सर सांगायचे, त्यांच्या वेळी
हा पेपर कुणालाच नको होता.
साहित्यवाले म्हणत, यात साहित्य कुठंय?
भाषाशास्त्रवाले म्हणत, यात शास्त्र कुठंय?
शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. सरांचं नाव निघालं
आणि बत्तीस वर्षं निघतच राहिलं.

सरांनी एकच केलं, कच्च्या वह्या जपल्या.
लिहिलेलं सगळेच तपासतात, म्हणायचे,
खोडलेलं कोण वाचतं?
ते निवृत्त झाले तेव्हा जिन्याखाली
अकरा पोती निघाली.
तपासणी समिती यायच्या आदल्या शनिवारी रद्दीवाला आला,
नऊ रुपये किलो.
ती पावती मात्र फाईलला आहे.

मी म्हटलं, या खोडाखोडीवरच प्रबंध करते.
मार्गदर्शक बाईंनी चष्मा काढून पुसला.
‘लिहायला शिकवणं हा काय संशोधनाचा विषय?
एखादी कादंबरी घे.’
घेतली. डॉक्टर झाले.
अजून तासावर आहे,
मे महिन्यात मी कुठल्याच हजेरीपटावर नसते.

वर्गात एकशे अठरा.
प्रत्येकाकडून चार मसुदे घ्यावेत, दर मसुद्यावर बोलावं,
हे मलाही पटतं.
एकशे अठरा गुणिले चार गुणिले दहा मिनिटं,
हा गुणाकार मी बसमध्ये तिकिटामागे केला,
आणि एकच मसुदा मागितला.
बासष्ट जणांनी तो फोनकडून लिहून घेतला.
त्यात ऱ्हस्वदीर्घाचीही चूक नव्हती.
इर्शादनं कोरा कागद दिला, वर नाव घालून.
रबाळ्याच्या गोदामात रात्रपाळी होती, म्हणाला,
मॅडम, झोपेत सुचलेलं, उठल्यावर गेलं.
मी त्याला दोन गुण दिले.
का दिले, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

पुढचा धडा अर्जलेखन.
दर्शिका मढवीनं प्लास्टिकच्या पिशवीतून
आजोबांचा अर्ज आणला. साडेबारा टक्क्यांतला भूखंड,
बेलापूरच्या कचेरीबाहेर पन्नास रुपयांत लिहून घेतलेला,
चारदा परत आलेला.
‘सदर अर्जदार सदर जमिनीबाबत सविनय निवेदन करतो की’
खाली अंगठा.
‘आजोबा असं कधी बोललेच नाहीत, मॅडम.
मी परत लिहू?’

लिहिलं तिनं. पहिलंच वाक्य,
तुमची गारी उबी हाय, तीच आमची खार.

लाल पेन ‘गारी’वर येऊन थांबलं.
शुद्धलेखनाला पाच गुण आहेत,
ते मी ठरवलेले नाहीत,
पण कापत मीच आलेय सात वर्षं.
विचारलं, ‘हे साहेबाला कळायला हवंय की आजोबांना?’
ती म्हणाली, ‘साहेबाला कळू दे.
पण वाचून दाखवलं की आजोबा म्हणले पाहिजेत,
हां, माजाच हाय.’

मग बसलो दोघी.
‘सविनय’ ठेवलं, ‘सदर’ सगळे गेले.
‘गारी’ची गाडी झाली, पुन्हा गारी झाली,
खार शेवटपर्यंत खारच राहिली.
सर्व्हे नंबर तिला पाठ होता,
स्वतःच्या मोबाईल नंबरासारखा.
बाहेर पाम बीचकडे वळणाऱ्या गाड्यांचे हॉर्न,
आत पंख्याची कटकट, कागदावर काट्याच काट्या.

साडेपाचला घागसशिपाई किल्ल्या वाजवत आला.
‘मॅडम, तास किती लावू?’
रजिस्टरात मी लिहिलं: एक.
दर्शिका पक्का अर्ज घेऊन गेली.
कच्चा कागद भूगोलाच्या टेबलावर राहिला होता,
दाराशी गेलेली मी परत फिरले.